भार कमी झाला की फक्त हलला? लिनक्समधल्या कोड रिव्ह्यूची गोष्ट



पेटची तयारी करणाऱ्या दोन-तीन वाचकांनी मागच्या लेखानंतर एकच गोष्ट विचारली: विषय तर हातात आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण माझा प्रश्न मला कसा मिळाला, म्हणजे खरं तर माझी फजिती कशी झाली, ते सांगू शकते.

माझा विषय आहे ओपन सोर्स प्रकल्पांमधला कोड रिव्ह्यूचा भार. पहिल्या प्रगती सेमिनारला मी मोठ्या उत्साहानं एक स्लाइड केली होती. डावीकडे १९९८: लिनक्सचा कोड तपासणारा एकटा माणूस कामाखाली दबलाय. उजवीकडे २००५: गिट आलं. मधे एक बाण, आणि खाली ‘समस्या सुटली’. गाईड मॅडमनी चष्मा काढला, स्लाइडकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "भार कमी झाला, की फक्त हलला?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचं दीड वर्ष मी त्या एका प्रश्नावरच काम करतेय. आज तीच गोष्ट सुरुवातीपासून सांगते.

आधी भार म्हणजे काय ते बघू

तुम्ही कोणत्याही शाखेचे असा, एक उदाहरण तुम्हाला लगेच पटेल. विद्यापीठाच्या परीक्षेत पेपर लिहिणारे हजारो आणि तपासणारे मोजके. लिहिणाऱ्याला तीन तास लागतात, पण त्याला एकच पेपर लिहायचा असतो. तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो.

ओपन सोर्समध्येही असंच आहे. कोड सगळ्यांसाठी खुला, त्यामुळे जगातला कोणीही त्यात बदल सुचवू शकतो. या बदलाला पॅच म्हणतात. कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या, याची ती साधी मजकुरी यादी असते. पण पॅच मूळ कोडमध्ये घ्यायचा की नाही, हे कोणीतरी वाचून ठरवावं लागतं. हे वाचणं म्हणजे कोड रिव्ह्यू, आणि त्या भागाची जबाबदारी घेणारा माणूस म्हणजे मेंटेनर.

कोड एकमेकांनी तपासावा ही कल्पना ओपन सोर्सची नाही बरं का. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीच्या औपचारिक पद्धतीवर लेख लिहिला. त्यात बैठक होती, बैठकीतल्या प्रत्येकाची भूमिका ठरलेली होती, तासाला किती ओळी तपासायच्या याचाही हिशोब होता. पण ते सगळं पगारी माणसांचं, कचेरीच्या वेळेतलं काम. काम वाढलं की साहेब माणसं वाढवणार. ओपन सोर्समध्ये येणारे पॅच कोणी थांबवू शकत नाही आणि तपासणाऱ्याची नेमणूक करणाराही कोणी साहेब नाही. माझ्या विषयातली खरी अडचण इथे सुरू होते.

१९९८: एकटा माणूस

लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा ते हेलसिंकीत शिकत होते. लोक ईमेलनं पॅच पाठवायचे, लिनस वाचायचे, आवडलं तर घ्यायचे. सुरुवातीला हे छान चाललं. १९९४ च्या मार्चमध्ये लिनक्स १.० आलं, १९९६ च्या जूनमध्ये २.०. वापरणारे वाढले, पॅच वाढले. लिनस मात्र एकच राहिले.

१९९८ पर्यंत ते कॅलिफोर्नियात नोकरी करत होते, घरात दोन लहान मुली होत्या, आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाणारा प्रत्येक बदल अजूनही त्यांच्याच इनबॉक्समधून जात होता. एखादा पॅच घेतला नाही तर ‘नाही’ असं उत्तरही यायचं नाही. तो नुसता हरवायचा. पाठवणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि पुन्हा पाठवायचा. त्यानं पुन्हा पाठवला की इनबॉक्स आणखी फुगायचा. म्हणजे भार आणखी भार जन्माला घालत होता.

त्या सप्टेंबरच्या शेवटी भांडण पेटलं. पॅच हरवतात म्हणून काही जण डेव्हिड मिलर सांभाळत असलेल्या वेगळ्या प्रतीत बदल जमा करत होते. दोन प्रतींमधलं अंतर वाढत गेलं, तक्रारी झाल्या, आणि लिनस वैतागून काही दिवस बाजूला झाले. त्या वेळी लॅरी मॅकव्हॉय यांनी सगळ्यांना बजावलं, की हा माणूस जळून जाण्याच्या बेतात आहे, आपण कामाची पद्धतच बदलली पाहिजे. या काळापासून कर्नलच्या मंडळींमध्ये एक वाक्य रूढ झालं: ‘लिनस स्केल होत नाही’. म्हणजे काम दहापट करता येतं, लिनस दहापट करता येत नाही.

गंमत बघा, याच्या एकच वर्ष आधी, १९९७ मध्ये, एरिक रेमंड यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात मांडलं होतं, की बघणारे डोळे पुष्कळ असले की चुका लपून राहत नाहीत. या विचाराला त्यांनी नावही लिनसचंच दिलं. पण १९९८ मध्ये बघणारे पुष्कळ होते आणि शेवटचा ‘हो’ म्हणणारा एकच. चूक दिसणं वेगळं आणि ती दुरुस्त होऊन मूळ कोडमध्ये जाणं वेगळं. या दोन्हींच्या मधे एक अरुंद दार होतं.

२००२: मदतनीस नको

जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली यांनी एक साधा उपाय सुचवला. लिनसच्या हाताखाली एक माणूस नेमा. तो हरवलेले छोटे पॅच गोळा करेल, नीट लावेल आणि लिनसकडे देईल. या मदतनीसाला त्यांनी ‘पॅच पेंग्विन’ असं नाव दिलं, कारण पेंग्विन हे लिनक्सचं बोधचिन्ह.

ऐकायला किती बरोबर वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाचताना पटलं होतं. पण लिनसनी नकार दिला, आणि त्या नकारामागचं कारण माझ्या प्रबंधाच्या केंद्रस्थानी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कोणताही माणूस शेकडो लोकांवर खरा विश्वास ठेवू शकत नाही. मी दहा-वीस जणांना नीट ओळखतो, त्यांच्याकडून घेतो. प्रत्येकानं थेट माझ्याकडे येऊ नये. माझ्या ओळखीच्या माणसाकडे, किंवा त्याच्या ओळखीच्या माणसाकडे जावं.

नीट बघा, इथे तपासणीचा अर्थच बदलला. आधी प्रश्न होता ‘हा कोड बरोबर आहे का?’ आता वरच्या पायरीवर प्रश्न झाला ‘हा कोड ज्यानं तपासला, त्याच्या तपासणीवर माझा भरवसा आहे का?’ आपल्याकडे मॉडरेटर पेपर तपासतो ना, तसंच. तो सगळा गठ्ठा पुन्हा तपासत नाही. काही पेपर बघतो, परीक्षकाचा हात कसा आहे ते ओळखतो आणि सही करतो. मॉडरेटरजवळ आणखी एक मॉडरेटर बसवून काम निम्मं होत नसतं.

पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २००२ मध्ये, लिनसनी बिटकीपर वापरायला सुरुवात केली. ते मॅकव्हॉय यांच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. फुकट मिळत होतं, पण खुलं नव्हतं, आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. एप्रिल २००५ च्या सुमारास कंपनीनं ती फुकट सोय काढून घेतली. लिनसनी ३ एप्रिलला स्वतःचं साधन लिहायला घेतलं, आणि चारच दिवसांत ते स्वतःचाच कोड सांभाळू लागलं. ते साधन म्हणजे गिट. त्याच जूनमध्ये आलेली कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटवर तयार झाली.

माझ्या स्लाइडवर बाण इथे संपत होता. पण क्रम बघा. विश्वासाची उतरंड आधी ठरली, आणि तिला सोयीचं साधन नंतर आलं. गिटनं उतरंड वेगवान केली, जन्माला घातली नाही. मेंटेनर आपल्या भागातले तपासलेले पॅच एकत्र करतो आणि लिनस तो अख्खा संच एका आज्ञेनं ओढून घेतात. त्यातली प्रत्येक ओळ ते वाचत नाहीत, आणि वाचावी अशी अपेक्षाही नाही.

मग भार गेला कुठे?

साधारण याच काळात बाकीची रचनाही बसत गेली. २००४ मध्ये प्रत्येक पॅचवर ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही सही सुरू झाली. त्याचं कारण कायदेशीर होतं: एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर कोड कुठून आला याची नोंद हवी होती. नवीन बदल घ्यायला प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीचे दोन आठवडे ठरले. आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येऊ लागली. फेब्रुवारी २००८ पासून सगळ्या मेंटेनरांचे बदल रोज एकत्र करून बघण्यासाठी स्टीफन रॉथवेल यांनी ‘लिनक्स-नेक्स्ट’ चालवायला घेतलं. ओळी नीट लिहिल्यात का, हे बघणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट २००७ मध्ये आली. पुढे इंटेलचे आणि गुगलचे यंत्रमानव पॅच आपोआप बांधून, चालवून बघू लागले.

यामुळे काम खरंच पेललं गेलं. आता एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल जातात. १९९८ च्या पद्धतीनं हे कल्पनेतसुद्धा शक्य नव्हतं.

पण जानेवारी २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या लिनक्स परिषदेत, इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे मेंटेनर डॅनियल व्हेटर यांनी एक भाषण दिलं. त्याचं शीर्षक होतं, ‘मेंटेनर स्केल होत नाहीत’.

हे शीर्षक पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. १९९८ मधलं तेच वाक्य, फक्त कर्ता एकवचनातून अनेकवचनात गेला! मॅडमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शीर्षकात होतं. भार एका माणसाच्या डोक्यावरून उतरला आणि शेकडो जणांच्या डोक्यावर बसला. प्रत्येक मेंटेनर आपापल्या भागातला १९९८ चा लिनस झाला. व्हेटर यांच्या गटानं त्यावर केलेला उपाय पुन्हा तोच, एक पायरी खाली: अनेकांना थेट कोड घालण्याचा हक्क द्या, आणि एकमेकांचा कोड एकमेकांनी तपासा.

यंत्रांनीही भार नुसता कमी केला नाही. स्वल्पविराम चुकला हे सांगायला आता माणूस लागत नाही, हे खरं. पण गुगलचा सिझबॉट २०१७ पासून इतके बग शोधून देतोय, की ते दुरुस्त करायला आणि ती दुरुस्ती वाचायला माणसंच पुरत नाहीत.

सगळ्यात खालची पायरी

लिनक्सला निदान उतरंड आहे. कंपन्या मेंटेनरांना पगार देतात. ज्या छोट्या प्रकल्पांवर सगळं जग उभं आहे, तिथे उतरंडच नसते, एक-दोन माणसं असतात.

ओपनएसएसएल घ्या. वेबसाइटच्या पत्त्यात कुलूप दिसतं, त्यामागचं गणित जगातले असंख्य सर्व्हर या लायब्ररीकडून करून घेतात. ३१ डिसेंबर २०११ ला तिच्यात एक बदल गेला. समोरून आलेला लांबीचा आकडा खरा आहे का, ही एक तपासणी त्यात राहून गेली होती. तो पॅच रिव्ह्यू झाला होता, हे लक्षात घ्या. एकानं लिहिला, प्रकल्पातल्या दुसऱ्यानं वाचला, दोघांनाही चूक दिसली नाही. मार्च २०१२ च्या आवृत्तीतून तो जगभर गेला, आणि ७ एप्रिल २०१४ ला ‘हार्टब्लीड’ या नावानं जाहीर झाला. त्या वेळी या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि वर्षाला येणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २००० डॉलर. असंख्य डोळ्यांचा सिद्धांत इथे दोन जोड्यांवर उभा होता.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट एक्सझेडची. फाइल लहान करणारा हा छोटा प्रकल्प बरीच वर्षं एकच माणूस मोकळ्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला: पॅच पडून आहेत, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. आपण थकलोय, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यानं उघडपणे लिहिलं. आणि मदतीला एक जण तयारच होता, ‘जिया तान’ या नावानं. कोड चांगला लिहायचा, वेळेवर उत्तर द्यायचा. हळूहळू त्याला हक्क मिळाले. २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांमध्ये त्यानं चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांनी तो जाहीर केला. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच कुतूहलातून त्यांना तो सापडला होता.

हल्ला करणाऱ्यानं इथे आधी कोडमधली फट शोधली नाही. थकलेला मेंटेनर शोधला. विश्वास ठेवून भार खाली द्यायचा, ही लिनक्सला वाचवणारी युक्तीच त्यानं उलटी वापरली. ज्याला भाराखाली श्वास घ्यायला वेळ नाही, तो विश्वास तपासून कसा ठेवणार? तो मिळेल त्याच्यावर ठेवतो.

म्हणून मॅडमच्या प्रश्नाला आज मी असं उत्तर देईन: बहुतेक भार हलला, थोडा यंत्रांनी खाल्ला, आणि उरलेला तिथे साचला जिथे आपण बघत नव्हतो.

तुमच्यासाठी यात काय आहे

आता तुमच्या कामाचं बोलू. माझी चूक फक्त घाईची नव्हती, ती विद्येची होती. मी लिनक्सचं गिट भांडार उतरवलं आणि मोजायला बसले. पण ते भांडार सुरू होतं एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२ च्या एका चाचणी आवृत्तीपासून. म्हणजे ज्या संकटावर मी लिहीत होते, ते माझ्या विद्याच्या पहिल्या ओळीआधीच घडून गेलं होतं! शिवाय गिटमध्ये असतात ते स्वीकारलेले बदल. हरवलेले, नाकारलेले, कंटाळून सोडून दिलेले पॅच तिथे नसतातच. आणि रिव्ह्यूचा भार तर त्यांचाही असतो. पास झालेल्यांचे पेपर मोजून परीक्षकाचं काम मोजण्यासारखं झालं ते. त्यासाठी जुन्या ईमेलच्या संग्रहातच शिरावं लागलं. एक्सझेडचा अनुभवही हेच सांगतो: चोरदरवाजा चालू करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, वाटपासाठी बनवलेल्या फायलीत होती.

दुसरी चूक सह्यांची. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ दिसलं की मी ‘तपासलं’ असं मोजत होते. पण ती सही कोड कुठून आणि कोणाच्या हातून आला एवढंच सांगते. तपासणीसाठी ‘रिव्ह्यूड-बाय’ ही खूण वेगळी आहे आणि ती नंतर आली. तुमच्या विषयातही अशा खुणा असतीलच. ती खूण कोणत्या कामासाठी सुरू झाली होती, हे आधी शोधा. त्यानंतर मोजा.

आणि संशोधनाचा प्रश्न कसा मिळतो? निदान माझ्या बाबतीत, ‘समस्या सुटली’ असं लिहिलेल्या स्लाइडवर कोणीतरी बोट ठेवल्यावर मिळाला. तुमच्या प्रस्तावात ‘सुटली’, ‘कमी झाली’, ‘सुधारली’ असे शब्द असतील, तर त्यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि विचारा: कोणासाठी? आणि आता ते काम कोण करतंय?

तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीत पायथन किंवा आरची कुठली ना कुठली खुली लायब्ररी वापराल. कधी तरी त्यात बग सापडेल आणि तुम्ही पॅच पाठवाल. मीही एका लायब्ररीला पाठवला होता. चार महिने उत्तर नाही, आणि मी मनातल्या मनात त्या मेंटेनरला बरंच काही बोलले. मग त्या भागात किती पॅच पडून आहेत ते बघितलं, आणि ते वाचणारे किती तेही. त्यानंतर माझा पॅच मी तीन तुकड्यांत तोडला, प्रत्येकावर हा बदल का हवा ते दोन ओळींत लिहिलं, आणि रांगेतला दुसऱ्या कोणाचा तरी एक पॅच वाचून, चालवून, त्यावर टिपण दिलं. माझा पहिला तुकडा मागच्या आठवड्यात आत गेला. बाकीचे दोन अजून रांगेत आहेत.

पुढच्या लेखात जुन्या ईमेल संग्रहातून विदा कसा काढायचा ते दाखवेन. तोवर तुमच्या प्रस्तावातलं असं एखादं ‘सुटलं’ सापडलं तर जरूर कळवा.